ग्रॅन्युलोमा, मोरचूद आणि डक्टमधील कबुतरे : एका द्राक्ष बागायतदाराच्या फुप्फुसाच्या ऊतकाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नाशिक शहरात राहणाऱ्या आणि निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या ४९ वर्षांच्या एका शेतकऱ्याचे आहे. आमच्याकडे त्यांच्या फुप्फुसाचे तुकडे तपासणीसाठी आले, तेव्हा त्यांना क्षयरोगाची औषधे सुरू होऊन चार महिने झाले होते आणि दम मात्र वाढतच होता. ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत. काचपट्टीवर जे दिसले, ते जसेच्या तसे ठेवले आहे. प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण एकच : फुप्फुसात ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहात एकत्र जमलेल्या संरक्षक पेशींचा सूक्ष्म पुंजका, दिसला की आपल्याकडे हात आपोआप 'क्षय' असे लिहितो, आणि तो ग्रॅन्युलोमा कसा आहे, कुठे आहे व त्याच्या शेजारी काय आहे, हे पाहायचे राहून जाते.

पूर्ववृत्त

कुटुंब अडीच वर्षांपूर्वी मुलांच्या शिक्षणासाठी मळा सोडून नाशिकमध्ये, एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहायला आले. रुग्ण रोज सकाळी मोटारसायकलवरून मळ्यात जात आणि संध्याकाळी परतत. शहरात आल्यावर साधारण वर्षभराने त्यांना कोरडा खोकला सुरू झाला. तो मुख्यतः रात्री आणि पहाटे येई. पुढे जिना चढताना दम लागू लागला, अंगात कसर राहू लागली आणि आठ महिन्यांत सात किलो वजन उतरले. बिडी, सिगारेट, तंबाखू यांपैकी कशाचेही व्यसन नव्हते.

छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांची छाया दिसली. थुंकीच्या दोन तपासण्यांत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. तेव्हा शहरातील एका रुग्णालयात दुर्बिणीतून चिमट्याने फुप्फुसाचे तुकडे काढण्यात आले आणि त्यांच्या अहवालाची शेवटची ओळ अशी होती : ग्रॅन्युलोमायुक्त दाह, क्षयरोगाशी सुसंगत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात औषधे सुरू झाली.

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, त्यामुळे येथे डॉक्टरच्या मनात प्रथम क्षय येणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल कुणाला दोष देण्याचे कारण नाही. अडचण त्या 'सुसंगत' या शब्दात आहे. रोगनिदानशास्त्रात हा शब्द 'विरुद्ध काही आढळले नाही' एवढ्याच अर्थाने वापरला जातो. पण कागद रुग्णाच्या हातात जाऊन पुढच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ 'सिद्ध झाले' असा होऊन बसतो.

त्यातच ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट अशी घडली की निदानाबद्दलची शंका कुणाच्याही मनात राहिली नाही. गोडी छाटणीच्या दिवसांत रुग्ण तीन आठवडे मळ्यातल्या घरीच मुक्कामाला होते. खोकला जवळजवळ थांबला, भूक परतली, आणि औषधे लागू पडली असा सर्वांचा समज झाला. नोव्हेंबरच्या मध्यावर ते शहरातल्या घरी परतले. आठ दिवसांत खोकला परत आला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सपाटीवर चालतानाही थांबावे लागू लागले.

तपासणीतील नोंदी

नव्याने ज्या छातीविकारतज्ज्ञांकडे ते गेले, त्यांनी फुप्फुसांच्या तळाशी श्वास आत घेताना ऐकू येणारी बारीक करकर नोंदवली आणि तिच्यासोबत मध्येच उमटणारा, पाखराच्या चिवचिवाटासारखा आखूड आवाजही. हा दुसरा आवाज महत्त्वाचा आहे, कारण तो लहान श्वासनलिका सुजल्याची खूण असतो. फुप्फुसांची क्षमता म्हणजे एफव्हीसी अपेक्षेच्या ५८ टक्के, वायू-विनिमयाची क्षमता ४१ टक्के, आणि सहा मिनिटे चालल्यावर रक्तातील ऑक्सिजन ९६ वरून ८७ टक्क्यांवर आला.

एचआरसीटी, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये धुरकट काचेसारखी छाया, श्वासनलिकांच्या टोकांभोवती अस्पष्ट कडांचे बारीक ठिपके, आणि श्वास सोडल्यानंतरही हवा अडकून राहिल्याने काळे दिसणारे चौकोनी पट्टे, असे तिन्ही एकत्र होते. खालच्या भागात काही ठिकाणी तंतुमय रेषाही उमटल्या होत्या. रेडिओलॉजिस्टांनी क्षयाबरोबरच हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून वारंवार आत जाणाऱ्या सेंद्रिय कणांविरुद्ध शरीरानेच उठवलेला फुप्फुसदाह, ही शक्यता लेखी मांडली.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे, असे मानण्याची सवय सोडायला हवी. आंतरकोशीय फुप्फुसविकारांची (वायुकोशांच्या भिंतींच्या आजारांची) जी राष्ट्रीय नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात २७ केंद्रांतील १,०८४ रुग्ण होते आणि त्यांपैकी ४७.३ टक्के रुग्णांचे निदान हेच होते. त्यांतल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरात एअर कूलर होता.

तुकडे आणि काचपट्टी

निरोगी फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की प्रथम जाणवते ते त्यातले रिकामेपण. वायुकोशांच्या भिंती इतक्या पातळ असतात की त्यांतून एका वेळी एकच तांबडी पेशी सरकेल एवढीच केशवाहिनी मावते. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा सर्वांत पातळ ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भिंतीचा जवळपास ९५ टक्के पृष्ठभाग पहिल्या प्रकारच्या चपट्या पेशींनी झाकलेला असतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या, काहीशा चौकोनी पेशी कोपऱ्यांत तुरळक बसलेल्या दिसतात. निरोगी भिंतीत लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) शोधावे लागतात. फुप्फुसाचा दाह वाचायचा तो या पार्श्वभूमीवर : जिथे पातळ रेघ असायला हवी तिथे जाड पट्टा का आहे, आणि तो पट्टा कशाने भरला आहे.

चिमट्याने काढलेला तुकडा जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो आणि चिमट्याच्या दाबाने चेपलेला असतो. त्यामुळे या वेळी क्रायोबायोप्सी करण्याचे ठरले. तिच्यात अतिथंड टोकाला ऊतक चिकटवून ओढून घेतात, म्हणून तुकडा मोठा आणि न चेपलेला मिळतो. रक्तस्राव आणि फुप्फुसाबाहेर हवा शिरणे हे धोके मात्र राहतात आणि ते रुग्णाला समजावून सांगावे लागतात. आमच्याकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये चार तुकडे आले, प्रत्येक सुमारे पाच मिलिमीटरचा. ते मेणाच्या ठोकळ्यात बसवून चार मायक्रॉन जाडीचे छेद घेतले, आणि एकाच पातळीवर न थांबता ठोकळ्यात खोलवर जाऊन सहा पातळ्यांवर घेतले. ग्रॅन्युलोमा लहान असला तर एका छेदात तो हुकतो, आणि या आजारात तो लहानच असतो.

चार पटींच्या भिंगाखाली पहिले निरीक्षण वाटपाचे होते. दाह सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. प्रत्येक तुकड्यात मधोमध एक सूक्ष्म श्वासनलिका, तिच्या सोबतीला धमनी, आणि त्या जोडीभोवती निळसर जांभळ्या पेशींची दाट कड दिसत होती. तिथून दूर जावे तसा दाह विरळ होत जाई आणि तुकड्याच्या कडेला काही वायुकोश तर जवळपास निरोगी होते. कारण श्वासाबरोबर आत येत असेल, तर घाव प्रथम वाटेवर पडतो. ही मांडणी पाहताच रक्तातून पसरणाऱ्या क्षयाची शक्यता माझ्या मनात मागे पडली. पुरावा म्हणून तेवढे पुरेसे नव्हते.

चाळीस पटींखाली त्या कडेत मुख्यतः लिम्फोसाइट आणि मधूनमधून प्लाझ्मा पेशी होत्या, इओसिनोफिल अगदी मोजके. श्वासनलिकेची भिंत याच पेशींनी फुगली होती आणि एका नलिकेचे तोंड कोवळ्या तंतुमय ऊतकाच्या गोळ्याने अर्धे बुजले होते. शेजारच्या वायुकोशांत फेसाळ पोटाच्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी साचल्या होत्या. नलिका अशी अर्धवट बुजली की तिच्या पलीकडची हवा अडकते, आणि स्कॅनमधील काळे चौकोनी पट्टे म्हणजे हीच अडकलेली हवा.

ग्रॅन्युलोमा एकूण नऊ सापडले. सर्वांत मोठ्या ग्रॅन्युलोमात पंधराएक पेशी असतील. त्याला बांधीव गोल आकार नव्हता. चार-पाच एपिथेलिऑइड पेशी (रूप बदललेल्या मॅक्रोफेज), त्यांना टेकलेली एक महाकाय पेशी, आणि त्यांच्यामधूनच वाट काढत गेलेले लिम्फोसाइट, अशी सैल वस्ती होती. तिची हद्द कुठे संपते आणि भोवतालचा दाह कुठे सुरू होतो, हे ठरवता येत नव्हते. नऊपैकी सात नलिकेच्या भिंतीलगत, दोन वायुकोशांच्या भिंतीत. एकातही मध्यभागी मृत भाग नव्हता. एका महाकाय पेशीच्या पोटात सुईसारख्या टोकदार, रिकाम्या फटी होत्या. जिवंतपणी त्या फटींत कोलेस्टेरॉलचे स्फटिक असतात. प्रयोगशाळेत मेण भरण्यापूर्वी ऊतक अल्कोहोल आणि झायलीनमधून जाते, तेव्हा ते विरघळून जातात आणि मागे त्यांचा साचा तेवढा उरतो. या फटी एकट्या निदान सांगत नाहीत, पण नलिकेशेजारी, सैल ग्रॅन्युलोमाच्या संगतीत त्या दिसल्या की मी त्यांना वजन देतो.

क्षयाचा ग्रॅन्युलोमा पूर्ण रूपात असतो तेव्हा वेगळा दिसतो. मध्यभागी पेशींच्या सीमा पुसून गेलेला, गुलाबी, दाणेदार मृत भाग असतो. हाच भाग नुसत्या डोळ्यांनी चक्क्यासारखा पांढरट दिसतो. त्याभोवती एपिथेलिऑइड पेशींचे कडे, कडेला घोड्याच्या नालासारखी केंद्रके मांडलेल्या लँगहान्स महाकाय पेशी, आणि बाहेर लिम्फोसाइटची किनार. सार्कॉइडोसिस या ग्रॅन्युलोमा करणाऱ्या दुसऱ्या आजारात ते आवळलेले, सुबक आणि तंतूंनी वेढलेले असतात, व ते लसिकावाहिन्यांच्या वाटेने, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाखाली, पडद्यांत आणि मोठ्या वाहिन्यांलगत रांगेने बसतात. दोन ग्रॅन्युलोमांच्या मधल्या फुप्फुसात दाह जवळपास नसतो. आमच्या रुग्णात उलट होते : दाह भरपूर, ग्रॅन्युलोमा थोडे. हे प्रमाण माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके होते.

तरीही क्षयात कधी कधी मृत भाग नसलेला ग्रॅन्युलोमा दिसतो, हे विसरून चालत नाही, कारण पुढचे औषध स्टेरॉइड असणार होते आणि लपलेल्या क्षयावर स्टेरॉइड देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. क्षयजंतू दाखवणाऱ्या झील-नील्सन रंगाने चारही तुकड्यांचे अनेक छेद शोधले, एकही जंतू सापडला नाही. बुरशीसाठीचे दोन्ही रंग नकारात्मक आले. दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन घेतलेल्या द्रवाची सीबीनॅट चाचणी (क्षयजंतूंचे जनुकीय अंश शोधणारी) नकारात्मक आली, आणि तोच द्रव द्रव-माध्यमातील कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का हे पाहायला, लावला, ज्याला ४२ दिवस वाट पाहावी लागते. याच द्रवात लिम्फोसाइटचे प्रमाण ४६ टक्के निघाले. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसात ते साधारण १० ते १५ टक्के असते.

आधीच्या प्रयोगशाळेकडून जुनी काचपट्टीही मागवली. त्या दीड मिलिमीटरच्या चेपलेल्या तुकड्यात एक ग्रॅन्युलोमा होता, तो खरोखरच होता आणि तो पाहणाऱ्याची नजर चुकलेली नव्हती. मात्र तोही सैल होता, मृत भागाविना होता, आणि त्याच्या कडेला श्वासनलिकेच्या भिंतीची एक पट्टी दिसत होती, जिचा उल्लेख अहवालात नव्हता.

मोरचुदाची शंका

काचपट्टी नलिकाकेंद्री दाह सांगत होती, पण कशामुळे, हे तिला सांगता येत नाही. द्राक्ष बागायतदार म्हटल्यावर आणखी एक शक्यता तपासणे आवश्यक होते. डावणी या बुरशीजन्य रोगासाठी मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण बागेवर मारतात. १९६९ मध्ये पोर्तुगालमधील पिमेंटेल आणि मार्केस यांनी असे मिश्रण फवारणाऱ्या द्राक्षमळ्यांतील कामगारांच्या फुप्फुसांत ग्रॅन्युलोमा आणि तंतुमय गाठी वर्णन केल्या, आणि त्यांतील मॅक्रोफेज पेशींत तांबे दाखवले. आमच्या रुग्णाने पंचवीस वर्षे फवारणी केली होती, तीही बहुतेक वेळा नाकाला नुसता रुमाल बांधून.

म्हणून तांब्यासाठी ऱ्होडॅनिन रंग लावला. या रंगाने तांबे विटकरी लाल दाण्यांच्या रूपात दिसते. शेजारी तुलनेसाठी विल्सन रोगाच्या, म्हणजे तांबे साचणाऱ्या आजाराच्या, यकृताचा छेद ठेवला होता, आणि त्यात दाणे स्वच्छ उमटले. फुप्फुसाच्या छेदात एकही नाही. ध्रुवीकृत प्रकाशाखाली थोडे चमकणारे धूलिकण दिसले, तेवढे शेतात काम करणाऱ्या कुणाच्याही फुप्फुसात असतात. फवारणीने त्यांच्या छातीला काहीच केले नाही, असा याचा अर्थ मी काढत नाही. हा दाह तांब्याचा नाही, एवढेच म्हणता येते.

घरातला शोध

त्यानंतर आम्ही तिघे, म्हणजे छातीविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि मी, रुग्ण व त्यांच्या पत्नी यांच्यासोबत बसलो. सहसा पॅथॉलॉजिस्टला रुग्ण दिसत नाही. या आजारात तो दिसायला हवा, असे माझे मत आहे. कांद्याची चाळ, तिच्यातला सडका कांदा, कोंबड्या, कूलर, ओल आलेल्या भिंती, असे एकेक विचारत गेलो. चाळ होती, पण मळ्यात. कूलर नव्हता. रुग्ण प्रत्येक वेळी शेताकडेच बोट दाखवत होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मळ्याचं काय घेऊन बसलात? यांना मळ्यात बरंच असतं. गोडी छाटणीला तीन आठवडे तिकडं होते, एकदा खोकले नाहीत. घरी आले की रात्रभर बसून काढतात."

ऑक्टोबरमधला तो आराम औषधांचा नव्हता, हे त्या क्षणी आमच्या लक्षात आले. मग घराबद्दल विचारले. झोपण्याच्या खोलीची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीत, उघडत होती, आणि त्या डक्टमध्ये कबुतरांची वस्ती होती. मोबाइलवर त्यांच्या मुलाने काढलेला फोटो पाहिला : पाइपांच्या खाचांमध्ये काडक्यांची घरटी, खिडकीच्या पट्टीवर बोटभर जाडीचा विष्ठेचा थर, आणि पलंगाचा उशाकडचा भाग त्या खिडकीपासून दोन हातांवर. गोदाघाटावर कबुतरांना दाणे टाकणाऱ्या शहरात कुणी कबुतरांचा उल्लेख आजाराच्या संदर्भात आपण होऊन करत नाही. ती पाळलेली नसतात, म्हणून मोजलीही जात नाहीत. पाळलेल्या कबुतरांमुळे होणारा हा दाह वैद्यकात १९६५ पासून नोंदलेला आहे. त्यात दोष वाळलेल्या विष्ठेतील आणि पिसांवरील भुकटीतील प्रथिनांचा असतो. रक्तातील कबुतरविरोधी आयजीजी प्रतिपिंडे बरीच वाढलेली निघाली. ती संपर्काचा पुरावा असतात, आजाराचा नव्हे. स्कॅन, धुवण, काचपट्टी आणि हा इतिहास यांच्या जोडीला मात्र ती पुरेशी ठरली.

पत्नी आणि मुले त्याच घरात राहूनही निरोगी होती, हे रुग्णाला पटत नव्हते. प्रथिने सर्वांच्याच छातीत जातात. बहुतेकांचे शरीर ती सहन करायला शिकते, काहींचे लिम्फोसाइट मात्र त्यांना शत्रू मानतात, आणि असे का होते याचे उत्तर मोठ्या अंशी जनुकीय रचनेत असावे, असे त्यांना सांगितले.

पुढील वाटचाल

कल्चरचा निकाल येईपर्यंत स्टेरॉइड द्यायचे नाही आणि तोवर रुग्णाने मळ्यातल्या घरी राहायचे, फवारणीला हात लावायचा नाही, असे ठरले. क्षयाची औषधे तज्ज्ञांनी थांबवली. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत दमेकऱ्याला मळ्यात ठेवणे त्यांच्या भावांना पसंत नव्हते. पण ४२ दिवसांनी कल्चर निर्जंतुक असल्याचे कळले, तेव्हा कोणत्याही औषधाविना एफव्हीसी ५८ वरून ६४ टक्क्यांवर आली होती आणि चालल्यावर ऑक्सिजन ९१ च्या खाली जात नव्हता.

अंतिम अहवालात मी निदानासोबत एक गोष्ट आवर्जून लिहिली : दोन तुकड्यांत नलिकेभोवती कोलॅजेनचा, म्हणजे व्रणातील तंतुमय प्रथिनाचा, पट्टा तयार झाला आहे, मॅसन ट्रायक्रोम रंगाने तो निळा दिसतो, आणि एका ठिकाणी तो शेजारच्या नलिकेपर्यंत पुलासारखा पोहोचला आहे. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या आजाराचे तंतुमय आणि तंतुविरहित असे दोन भाग केले, कारण रुग्णाचे पुढचे आयुष्य मुख्यतः त्यावर ठरते. लिम्फोसाइट स्टेरॉइडने पांगतात. कोलॅजेन राहते.

प्रेडनिसोलोन अर्धा मिलिग्रॅम प्रति किलो या मात्रेत सुरू करून हळूहळू कमी करत नेले. सोसायटीने डक्ट धुऊन घेतला आणि वरून जाळी बसवली. तरी ही प्रथिने भिंतींवर आणि धुळीत कित्येक महिने टिकतात, म्हणून रुग्णाला त्या खोलीत परत जाऊ दिले नाही. कुटुंबाने दुसरीकडे भाड्याचे घर घेतले. एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या वेळी, एफव्हीसी ७१ टक्के होती आणि पुढच्या दोन तपासण्यांतही ती तिथेच राहिली. बागेच्या ओळींतून ते आता न थांबता चालतात. द्राक्षांचा भरलेला क्रेट उचलून ट्रॅक्टरपर्यंत नेणे त्यांना जमत नाही. तळाकडच्या तंतुमय रेषा वाढतात का, हे पाहण्यासाठी दर चार महिन्यांनी श्वासक्षमता आणि वर्षातून एकदा स्कॅन असे ठरले आहे. वाढ दिसली तर तंतुरोधक औषध सुरू करायचे, याची पूर्वकल्पना त्यांना दिलेली आहे.